नामदार गोखले आणि सात कोटींची शिल्लक

बुधवार, २६ मार्च १९०२. कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलची बैठक भरली होती. अध्यक्षस्थानी खुद्द लॉर्ड कर्झन होते. अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ यांनी मांडलेल्या अंदाजपत्रकावर त्या दिवशी चर्चा होती. सरत्या वर्षाअखेर सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडत होते. एवढी शिल्लक हिंदुस्थानच्या खजिन्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे बोलायला उठणारे सदस्य लॉसाहेबांचे अभिनंदन करत होते. मग मुंबई इलाख्याचे नवे प्रतिनिधी उठले. वय पस्तीस, पेशा फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी, नाव गोपाळ कृष्ण गोखले. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, अशीच त्यांनी सुरुवात केली. देश दुष्काळाने पिचलेला असताना तिजोरी फुगते, याचा अर्थ लोकांची स्थिती आणि सरकारच्या जमाखर्चाची स्थिती यांचा एकमेकींशी मेळ राहिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आज हे कुणालाही सुचेल असे वाटते. त्या काळी ते सरकारच्या तोंडावर, आकड्यांनिशी आणि आवाज न चढवता सांगणे सोपे नव्हते. १८९२च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती, पण त्यावर मत देण्याचा अधिकार नव्हता. कपात सुचवता येत नव्हती, ठराव मांडता येत नव्हता. सभागृहात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे होते. म्हणजे भाषण कितीही बिनतोड झाले, तरी अंदाजपत्रकातली एक पैसुद्धा त्याने त्या दिवशी हलणार नव्हती. अशा ठिकाणी उभे राहणाऱ्या माणसाजवळ एकच बळ असते, ते म्हणजे त्याचा आकडा खोटा ठरू नये.

गोखल्यांचा आकडा खोटा ठरत नसे, याचे बरेचसे श्रेय पुण्याच्या सार्वजनिक सभेला जाते. न्यायमूर्ती रानड्यांनी सभेच्या त्रैमासिकातून शेतसारा, कर्जबाजारीपणा, दुष्काळ आणि जमाबंदी यांवर सरकारच्याच अहवालांच्या आधारे लिहिण्याची शिस्त घालून दिली होती. गोखले ऐन विशीत त्या त्रैमासिकाचे संपादन करू लागले आणि रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. रानडे कच्चे काम खपवून घेत नसत. पण मला इथे दुसऱ्याच एका माणसाचे नाव मुद्दाम घ्यायचे आहे, कारण ते फार कमी घेतले जाते. गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरला सरकारी हायस्कुलात हेडमास्तर होते. दिवसा शाळा चालवायची आणि उरलेल्या वेळात सरकारी निळ्या पुस्तकांतून सारा, आयात-निर्यात, रेल्वे आणि लष्कर यांचे तक्ते काढायचे, हा त्यांचा उद्योग. सरकारी नोकर असल्यामुळे त्रैमासिकातले त्यांचे लेख नावाशिवाय छापले जात. १८९७मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे रानडे आणि जोशी हे दोघेही होते. पुढे कौन्सिलात गेल्यावरही गोखले अंदाजपत्रकाचे कागद जोश्यांकडे पाठवीत आणि त्यांची टिपणे मागवीत. अंदाजपत्रक हाती पडल्यापासून चर्चेपर्यंत जेमतेम काही दिवस मिळत. तेवढ्यात दहा-पंधरा वर्षांच्या आकड्यांची उलटतपासणी करून भाषण उभे करायचे, हे एकट्याचे काम नव्हते. कलकत्त्यात गाजलेल्या त्या भाषणांत सोलापूरच्या एका हेडमास्तराची रात्र-रात्र जागलेली मेहनत आहे.

जानेवारी १९०१मध्ये रानडे वारले. त्याच वर्षी गोखल्यांच्या वाट्याला शेतीच्या प्रश्नावरची पहिली मोठी लढाई आली. ती कलकत्त्यात झाली नाही, पुण्यात झाली.

ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मे १८७५मध्ये सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि घरे गाठली आणि कर्जाची खते ओढून काढून जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हा वणवा पसरला. त्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देण्याचा कायदा आला. कोर्टाला कर्जाच्या खताच्या मुळाशी जाऊन व्याज तपासता येऊ लागले, परंतु कर्ज काही हटले नाही. मग १८९६-९७चा दुष्काळ आला, त्याच्या पाठीवर प्लेग आला, आणि लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९००चा महादुष्काळ कोसळला. जनावरे चाऱ्यावाचून मेली. १९०१च्या जनगणनेत मुंबई इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या दुष्काळ कमिशनने लिहिले की, मुंबई इलाख्यातल्या निदान चौथ्या हिश्श्याच्या शेतकऱ्यांच्या ताब्यातून जमिनी गेल्या आहेत आणि कर्जमुक्त असलेले शेतकरी पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहेत.

यावर मुंबई सरकारने जो उपाय काढला, तो म्हणजे जमीन महसूल कायद्याची दुरुस्ती. मे १९०१मध्ये महाबळेश्वरी हे बिल मांडले गेले. साऱ्याच्या थकबाकीपायी जी जमीन सरकारजमा होईल, ती सरकारने पुन्हा शेतकऱ्याला द्यावी, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्याला नसावा, असे त्याचे सार होते. वरवर पाहता यात शेतकऱ्याचे भलेच दिसते, कारण जमीन सावकाराच्या घशात जात नाही. पंजाबात आदल्याच वर्षी जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालणारा कायदा झाला होता, तोही डोळ्यांपुढे होता.

पण वेळ पाहा. लागोपाठच्या दुष्काळांनी सारा थकलेला. थकबाकी म्हणजे जप्ती, आणि जप्ती झाली की पिढ्यान्‌पिढ्यांचा कायम वहिवाटीचा खातेदार एका फटक्यात सरकारच्या अटींवर जमीन कसणारा कूळ होणार. सारा थकण्याचे कारण पाऊस न पडणे आणि तहकुबी वेळेवर न मिळणे. शिक्षा मात्र मालकी हक्काची. गोखल्यांचा विरोध नेमका इथे होता. जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालण्याच्या कल्पनेलाच त्यांनी सरसकट नकार दिला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी सरकारला सांगितले की, एखादा लहानसा टापू निवडा, तिथल्या कर्जांची तडजोड करून ती फेडण्याची व्यवस्था करा, बी-बियाण्याला आणि बैलाला पैसा मिळावा म्हणून शेतकी बँक काढा आणि मग विक्रीवर बंधन घालून बघा; त्याला माझा पाठिंबा राहील. पतीची दुसरी सोय न करता गहाणाचा मार्ग बंद केला, तर पेरणीच्या तोंडाशी शेतकऱ्याने जायचे कुणाकडे, हा त्यांचा सवाल होता. त्याला सरकारी बाकांवरून समाधानकारक उत्तर आले नाही.

ऑगस्ट १९०१च्या अखेरीस मुंबई कायदे कौन्सिलच्या पुण्याच्या बैठकीत बिल तहकूब ठेवण्याची फिरोजशहा मेहता यांची सूचना फेटाळली गेली, तेव्हा मेहता उठले आणि सभागृहाबाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ भालचंद्र कृष्ण, गोकुळदास पारेख, दाजी आबाजी खरे आणि गोखले निघाले. आज सभात्यागाचे कुणाला काही वाटत नाही. तेव्हा गव्हर्नरसमोरून असे उठून जाणे अघटित होते, आणि गोखल्यांसारख्या मर्यादशील माणसाला ते किती जड गेले, हे त्यांच्या भाषणाच्या अखेरच्या भागात स्पष्ट दिसते. उरलेल्यांनी बिल मंजूर केले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धाच राहील. जमीन सरकारजमा झाली की तिच्यावरचे सावकाराचे गहाणही बुडणार होते. त्यामुळे बिलाविरुद्ध जो गिल्ला झाला, त्यात सावकारांचा आवाज मोठा होता. टिळकांचाही बिलाला विरोध होता. कौन्सिलात जाणारे सारे वकील, डॉक्टर, प्राध्यापक. नांगर धरणारा त्यांत एकही नव्हता आणि त्याला मतही नव्हते. जोतीराव फुल्यांनी वीस वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या दुःखाबद्दल सरकारी कचेऱ्यांइतकाच दोष शिकलेल्या वर्गालाही दिला होता, आणि १९०१च्या सभागृहाकडे पाहिले की त्यांच्या म्हणण्यातले तथ्य नाकारता येत नाही. तरीही माझे मत असे की, त्या दिवशी गोखल्यांची भूमिका बरोबर होती. शेतकऱ्याला सावकारापासून वाचवण्यासाठी त्याला सरकारच्या मर्जीवर सोपवणे हा उपाय नव्हता. कर्ज, पत आणि सारा या तिन्हींना एकदम हात घालणे हाच उपाय होता, आणि तो त्या सभागृहात त्यांनी मांडला होता.

मेहतांनी प्रकृतीपायी व्हाइसरॉयच्या कौन्सिलातली जागा सोडली आणि गोखले तिथे निवडून गेले. जानेवारी १९०२मध्ये कर्झनच्या सरकारने जमीन महसुलावर लांबलचक ठराव प्रसिद्ध केला होता. रमेशचंद्र दत्तांनी खुल्या पत्रांतून केलेल्या टीकेला तो जबाब होता, आणि शेतसारा हे दुष्काळाचे कारण नाही असे त्यात ठासून सांगितलेले होते. पाठोपाठ मार्चात सात कोटींची शिल्लक आली. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे दुष्काळातूनही देश चटकन सावरतो आहे, याचाच हा पुरावा होता.

गोखल्यांनी ही शिलकीची गाठ सोडवून दाखवली, ती अशी. सरकारला दरसाल विलायतेत दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पाठवावी लागे: पेन्शने, कर्जावरचे व्याज, लष्कराचा तिकडचा खर्च. चांदी उतरत गेली तसा रुपयाही उतरला. १८९४-९५मध्ये तो तेरा पेन्सांच्या आसपास आला, म्हणजे एका पौंडासाठी साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ही तूट भरून काढायची म्हणून १८८५नंतरच्या दहा वर्षांत एकामागून एक कर बसवले गेले. १८८६मध्ये प्राप्तिकर आला. १८८८मध्ये मिठाचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. पुढे आयात मालावर जकात आली आणि गिरण्यांच्या कापडावर अबकारीही बसली. दरम्यान १८९३मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या होत्या; पुढे रुपया हळूहळू चढला आणि सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता पौंडाला पंधरा रुपये पुरू लागले. दर पौंडामागे साडेतीन रुपये वाचले, म्हणजे दीड कोटी पौंडांमागे पाच कोटींहून जास्त. ज्या तुटीसाठी कर लावले ती तूट मिटली, पण कर मात्र तसेच राहिले. सात कोटींची शिल्लक मुख्यतः या बचतीतून आली होती. शेतांत जादा पीक आले म्हणून ती झाली नव्हती.

त्यातच रयतेच्या बाजूने पाहिले, तर रुपया महाग होणे हा तिच्यावर दुहेरी घाव होता. कापूस आणि तेलबिया परदेशी जात, त्यांचे रुपयांतले मोल दबले. सारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच ठरलेले. तेवढेच रुपये उभे करायला जास्त माल विकावा लागणार. घरात अडीअडचणीला म्हणून ठेवलेले चांदीचे दागिने टांकसाळ बंद झाल्यापासून मोडीच्या भावाला आले होते. सरकारच्या जमाखर्चात या कशाचीच नोंद होत नव्हती. खुद्द सरकारने त्याच अंदाजपत्रकात दुष्काळी भागातली सुमारे दोन कोटींची साऱ्याची थकबाकी सोडून दिली. लोकांना सारा देणे झेपलेले नाही, याची याहून मोठी कबुली कोणती?

मिठाचा मुद्दा गोखल्यांच्या फार आधीपासून जिव्हाळ्याचा होता. १८९०च्या कलकत्ता काँग्रेसमध्येही ते त्यावर बोलले होते. १९०२मध्ये त्यांनी खपाचे आकडे पुढे ठेवले. कर वाढल्यापासून लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढत नव्हता, आणि माणशी जेवढे मीठ आरोग्यासाठी लागते असे डॉक्टर सांगत, त्याच्या निम्म्याच्या आसपासच लोकांच्या पोटात जात होते. भाकरीबरोबर मीठ-मिरची खाऊन दिवस काढणाऱ्याच्या ताटातले मीठ कमी झाले आणि तिजोरीत शिल्लक पडली, हे एकदा आकड्यांत मांडल्यावर अभिनंदनाला जागा उरत नव्हती.

सरकारने त्या दिवशी अर्थातच काही मान्य केले नाही. पण पुढच्याच वर्षी, १९०३मध्ये, मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची माफी ५०० रुपयांवरून १००० रुपयांच्या उत्पन्नापर्यंत गेली. १९०५मध्ये मीठकर दीड रुपया झाला, १९०७मध्ये एक रुपया. दर कपातीनंतर खप वाढत गेला, आणि गोखले दरसाल उठून तो वाढलेला आकडा सभागृहाला दाखवीत. सगळे एका माणसाच्या भाषणांमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शिलकीच एवढ्या होत्या की काही सोडणे सरकारला भागच होते. मात्र सोडायचे ते प्रथम मिठावरचे, हा आग्रह गोखल्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला.

शेतसाऱ्याबाबत त्यांना असे यश आले नाही. १९०६च्या भाषणात त्यांनी शेतीचा सगळा कार्यक्रमच मांडला: मुंबई, मद्रास आणि संयुक्त प्रांतांत सारा कमी करा, शेतकऱ्याला जुन्या कर्जातून सोडवण्यासाठी सरकारी पैसा घाला, इजिप्तच्या धर्तीवर शेतकी बँक काढा, पाटबंधारे आणि शास्त्रीय शेती वाढवा, प्राथमिक शिक्षण मोफत करा. शिलकीचा पैसा मात्र रेल्वेत आणि लॉर्ड किचनेरच्या लष्करी फेररचनेत जात राहिला, आणि गोखल्यांची सर्वांत कडक वाक्ये लष्करी खर्चावरच आहेत. सारा काही उतरला नाही.

मार्च १९०४मध्ये सहकारी पतपेढ्यांचे बिल आले, तेव्हा त्यांचे भाषण विशेष लक्ष देण्याजोगे झाले. बिलाचे त्यांनी स्वागत केले आणि लगेच त्यातल्या दोन मोठ्या उणिवा दाखवल्या. एक, जुने कर्ज मानेवर असताना शेतकरी पेढीचा सभासद होऊन फारसे काही साधणार नाही. दोन, एकेकट्या गावच्या पेढीला भांडवल कोण देणार? अशा पेढ्यांचे संघ आणि त्यांच्यावर मध्यवर्ती बँक हवी. १९०४च्या कायद्यात ही तरतूद नव्हती. पेढ्या निघाल्या, मुंबई इलाख्यात धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळला १९०५मध्ये पहिली निघाली, आणि भांडवलाची अडचण गोखल्यांनी सांगितली तशीच आली. अखेर १९१२च्या नव्या कायद्याने संघांना आणि मध्यवर्ती बँकांना मान्यता दिली. आजच्या महाराष्ट्रातली गावची विकास सोसायटी, जिल्हा बँक आणि वर राज्य बँक ही उतरंड त्याच कायद्याने शक्य केली. जुन्या कर्जाचा मुद्दा मात्र लोंबकळत राहिला, आणि तो किती लोंबकळला हे कर्जमाफीच्या याद्या पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

१९०९च्या सुधारणांनंतर कौन्सिलात ठराव मांडता येऊ लागले आणि गोखल्यांनी आपली शक्ती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर एकवटली. १९११मध्ये मांडलेले त्यांचे बिल मार्च १९१२मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९ फेब्रुवारी १९१५ला ते गेले, तेव्हा त्यांना एकोणपन्नासावे वर्ष पुरे व्हायचे होते.

पुण्याच्या सभात्यागाने जे बिल थांबले नाही, त्याची खूण अजून आपल्या दप्तरांत आहे. १९०१च्या दुरुस्तीने सुरू झालेला बंधनाचा धारणाधिकार पुढे ‘नवीन व अविभाज्य शर्त’ म्हणून रूढ झाला. सरकारने दिलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ही शर्त असली की, आजही विकण्यापूर्वी परवानगीसाठी महसूल कचेरीत खेटे घालावे लागतात.

गोखल्यांची अर्थविषयक भाषणे रा. प. पटवर्धन आणि द. वि. आंबेकर यांनी संपादित केलेल्या खंडांत छापलेली आहेत. त्यांतले १९०२चे भाषण मुंबईच्या विधानभवनात अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या प्रत्येक सभासदाने एकदा वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि मतदारांनीही आपल्या आमदाराला येत्या मार्चात तोच प्रश्न घालावा, जो गोखल्यांनी कर्झनच्या समोर घातला: तिजोरीचे तुम्ही सांगितलेत, ज्याच्या घरातून ती भरते त्याचे काय?